फोन टेकवून पैसे: ठाणे–नवी मुंबईच्या काउंटरवर ही सोय कुठे चालते, कुठे अडते

आपल्याकडे 'फोनने देतो' म्हटलं की दुकानदार क्यूआर कोडचा स्टँड पुढे सरकवतो. त्यात त्याची चूक नाही, शंभरातले बहुतेक जण तेच मागत असतात. पण फोन नुसता कार्ड मशीनला टेकवून पैसे देण्याची सोयही इथे बरीच वर्षं आहे. ती वापरायला गेलेला माणूस काउंटरवर ज्या गोंधळात सापडतो, त्याची कारणं मोजकी आणि ठरावीक आहेत. हे परीक्षण त्या टॅपचं आहे: अँड्रॉइड फोनवरचं गूगल पे आणि सॅमसंग फोनवरचं सॅमसंग वॉलेट, ठाणे आणि नवी मुंबईतल्या दुकानांत. यूपीआयचं स्कॅनिंग मध्ये मध्ये येईल, कारण अर्धी गल्लत त्या दोघांतलीच आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. वाशीचं इनऑर्बिट, सीवूड्सचं नेक्सस, ठाण्याचं कोरम अशा मॉलमध्ये, सुपरमार्केटमध्ये, औषधांच्या आणि कपड्यांच्या साखळी दुकानांत पाचपैकी चार. ठाण्याचा गोखले रोड, राम मारुती रोड, वाशीचं सेक्टर 17 इथल्या मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशा दुकानांत अडीच. मशीन असतं, पण बहुधा ड्रॉवरमध्ये, चार्जिंग संपलेलं. जांभळी नाक्याच्या मंडईत, स्टेशनबाहेरच्या गाड्यांवर शून्य. तिथे क्यूआर आणि रोख, तिसरं काही विचारू नये.

एकाच अॅपमधल्या दोन वाटा

गूगल पे 2017 मध्ये 'तेझ' नावाने आलं ते यूपीआयचं अॅप म्हणून. 2018 मध्ये नाव बदललं. कार्ड फोनमध्ये घालून मशीनला टेकवायची सोय नंतर, 2020 मध्ये जोडली गेली. हा क्रम लक्षात घेतला की बाकीचं सोपं होतं. अॅप एक, पण आत दोन वेगळ्या वाटा आहेत आणि त्या एकमेकींना कुठेही भेटत नाहीत.

पहिली वाट यूपीआयची. क्यूआर स्कॅन करा, रक्कम टाका, यूपीआय पिन द्या, पैसे थेट बँक खात्यातून जातात. फोनला इंटरनेट लागतं. दुसरी वाट कार्डाची. फोनमधली एनएफसी चिप, म्हणजे अगदी जवळून बिनतारी माहिती पाठवणारी चिप, कार्ड मशीनला कार्डाच्या जागी उभा केलेला एक पर्यायी क्रमांक म्हणजे टोकन पाठवते, आणि पुढचा सगळा व्यवहार कार्डाचा होतो. यूपीआय पिनचा इथे काहीही संबंध नाही. यूपीआयला जोडलेल्या खात्यात पैसे नाहीत पण क्रेडिट कार्ड फोनमध्ये घातलेलं आहे, तर टॅप होईल. उलट, खात्यात लाखभर रुपये आहेत पण कार्डच जोडलेलं नाही, तर फोन मशीनवर कितीही दाबून धरा, काही होणार नाही. 'गूगल पे तर चालू आहे, मग टॅप का होत नाही?' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं: यूपीआय चालू आहे, कार्ड घातलेलं नाही.

घोळ वाढवणारी तिसरी एक जातही आहे. 2022 पासून पाइन लॅब्स या कंपनीच्या काही कार्ड मशीनवर यूपीआयसाठीसुद्धा टॅप करता येतो. तिथे फोन टेकवला की गूगल पे आपोआप उघडतं, रक्कम भरलेली दिसते आणि यूपीआय पिन मागितला जातो. म्हणजे टॅपने फक्त स्कॅनिंगचं काम केलं, पैसे यूपीआयनेच गेले. टेकवल्यावर फोनने यूपीआय पिन मागितला तर ती ही जात. पिन मागितला नाही, किंवा मागितला तो मशीनने मागितला, तर ते कार्ड.

आणखी दोन गैरसमज इथेच निकालात काढलेले बरे. गूगल वॉलेट नावाचं वेगळं अॅप मे 2024 मध्ये भारतात आलं. ते बोर्डिंग पास, तिकिटं, दुकानांची लॉयल्टी कार्डं ठेवायला आहे. दुकानात पैसे देण्यासाठी ते इथे आणलेलं नाही, ते काम गूगल पेकडेच राहिलं. नावावरून फसून ते घेतलेले बरेच लोक त्यात कार्ड घालायची जागा शोधत बसतात. दुसरं, आयफोनवरचं गूगल पे फक्त यूपीआयपुरतं आहे. आयफोन मशीनला टेकवून त्यातून काही जाणार नाही.

सॅमसंगचं मात्र वेगळं. सॅमसंग पे (आताचं सॅमसंग वॉलेट) मार्च 2017 मध्ये भारतात आलं तेव्हा त्याच्याकडे एक जास्तीची युक्ती होती: काही फोन कार्डाच्या चुंबकीय पट्टीची नक्कल करायचे, त्यामुळे टॅपची सोय नसलेल्या जुन्या मशीनवरही काम व्हायचं. आताच्या मॉडेलांत ती युक्ती काढून टाकली आहे, आता फक्त एनएफसी. जुन्या गॅलेक्सीवर जे चालायचं ते नव्यावर चालत नाही अशी तक्रार ऐकू येते ती यामुळे. फोन बिघडलेला नसतो.

घरीच करून ठेवायच्या गोष्टी

फोनमध्ये एनएफसी आहे का, हे सेटिंग्जच्या शोधात 'एनएफसी' टाइप करून पाहा. काहीच आलं नाही तर विषय संपला. स्वस्त फोनांत ही चिप सर्रास गाळलेली असते, आणि एकाच मॉडेलच्या परदेशी आवृत्तीत असून भारतीय आवृत्तीत नाही असंही होतं. आहे असं दिसलं तर ती चालू करा आणि त्याच पानावर 'कॉन्टॅक्टलेस पेमेंट्स'मध्ये जाऊन डीफॉल्ट अॅप म्हणून गूगल पे निवडा. सॅमसंगवर ही निवड बहुधा सॅमसंग वॉलेटवर असते. दोन्ही अॅपांत कार्डं घातली असतील तर टॅप डीफॉल्टकडे जाणार, तुमच्या मनातल्या अॅपकडे नाही. शाओमी फोनांच्या जुन्या एमआययूआय सिस्टीमवर 'सिक्युअर एलिमेंट पोझिशन' नावाचा एक पर्याय खोल लपवलेला आहे. तो 'एचसीई वॉलेट'वर नसेल तर मशीन फोनकडे ढुंकूनही बघत नाही, आणि चूक दाखवणारा कसलाही संदेश येत नाही. शाओमीवाल्यांनी आधी तिथे पाहावं.

फोनला स्क्रीन लॉक असायलाच हवं: पिन, पॅटर्न किंवा बोटाचा ठसा. लॉक काढून टाकलं की फोनमधली कार्डंही जातात, पुन्हा घालावी लागतात. फक्त समोरच्या कॅमेऱ्याने चेहरा ओळखणारे काही फोन ही ओळख पैशांच्या कामाला पुरेशी मानत नाहीत. घरी चेहऱ्याने झटकन उघडणारा फोन काउंटरवर अचानक पिन मागू लागतो तो म्हणून. रूट केलेल्या, म्हणजे सिस्टीमवरची बंधनं मुद्दाम काढलेल्या, फोनवर टॅप चालणार नाही, त्यावर उपाय शोधण्यात वेळ घालवू नका.

कार्ड घालताना क्रमांक, मुदत, सीव्हीव्ही आणि बँकेच्या नोंदणीकृत मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. सगळ्या बँकांची सगळी कार्डं चालत नाहीत. बँक आणि कार्डाचं नेटवर्क दोन्ही यादीत बसावं लागतं. खात्याचं डेबिट कार्ड नाकारलं गेलं तर त्याच बँकेचं क्रेडिट कार्ड घालून बघावं, अनेकदा ते घेतलं जातं.

आता ज्या ठिकाणी सर्वांत जास्त लोक अडकतात ते. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2020 मध्ये नियम केला, तो लागू झाल्यापासून नवीन कार्ड हातात येतं तेव्हा फक्त देशातल्या एटीएमवर आणि मशीनमध्ये घालून वापरण्यापुरतं चालू असतं. कॉन्टॅक्टलेस, ऑनलाइन आणि परदेशातला वापर ग्राहकाने स्वतः चालू करायचा. फोनमध्ये कार्ड रीतसर बसलं, हिरवी खूणही आली, पण बँकेच्या अॅपमध्ये 'कॉन्टॅक्टलेस' किंवा 'टॅप अँड पे'चं बटण बंद राहिलं, तर दुकानात नकार मिळण्याची दाट शक्यता. बँकेच्या अॅपमध्ये 'मॅनेज कार्ड' किंवा 'कार्ड कंट्रोल' असं काहीतरी असतं, तिथे बटणही पाहा आणि त्याच्याखालची मर्यादाही. काहींनी कधीतरी ती 500 वर आणून ठेवलेली असते आणि मग विसरून गेलेले असतात.

काउंटरवर

खरी किल्ली एका वाक्यात आहे, आणि ते वाक्य रक्कम मशीनमध्ये टाकण्याआधी बोलायचं असतं: "दादा, कार्ड पेमेंट, टॅप करणार आहे."

कारण मशीनवरचा मुलगा रक्कम टाकतानाच एक पर्याय निवडतो. त्याने 'यूपीआय' दाबलं तर मशीनच्या स्क्रीनवर क्यूआर येतो, आणि तेवढा वेळ कार्ड वाचणारा भाग झोपलेला असतो. त्याने 'सेल' किंवा 'कार्ड' दाबलं तर तो भाग जागा होतो. 'गूगल पे करतो' असं तुम्ही म्हणालात तर तो यूपीआयच दाबणार, त्याच्यासाठी त्या शब्दांचा दुसरा अर्थ नाही. मग तुम्ही क्यूआर दाखवणाऱ्या मशीनवर फोन टेकवत राहता, तो 'स्कॅन करा ना' म्हणत राहतो, मागची रांग उसासे टाकते. तसं झालं तर वाद न घालता त्याला लाल बटणाने व्यवहार रद्द करून 'सेल'मधून पुन्हा सुरू करायला सांगा, पाच सेकंदांचं काम आहे.

रक्कम आल्यावर ती स्वतः वाचा. मग फोन अनलॉक करा. गूगल पे उघडायची गरज नसते, स्क्रीन चालू आणि लॉक उघडलेलं पुरे. सॅमसंगवर वॉलेट उघडून, कार्ड निवडून बोट लावावं लागतं. पुढचा प्रश्न टेकवायचं कुठे. मशीनवर चार वक्र रेघांची खूण शोधा. कागदाची गुंडाळी असलेल्या मोठ्या स्क्रीनच्या मशीनवर ती स्क्रीनवर किंवा वरच्या बाजूला, गुंडाळीच्या झाकणाजवळ असते. बटणांच्या जुन्या मशीनवर छोट्या स्क्रीनच्या आजूबाजूला. फोनचा अँटेना बहुतेक अँड्रॉइडमध्ये पाठीच्या वरच्या अर्ध्या भागात, कॅमेऱ्याच्या जवळपास असतो. तो भाग खुणेवर आडवा टेकवा आणि एक-दोन सेकंद हलवू नका. एनएफसीचा पल्ला जेमतेम चार सेंटिमीटरचा, प्रत्यक्षात त्याहून कमी. ओवाळल्यासारखा फोन फिरवला की वाचन मध्येच तुटतं आणि मशीन 'पुन्हा टॅप करा' म्हणतं. बरेच जण फोनचं खालचं टोक टेकवतात, तिथे अँटेनाच नसतो.

कव्हरकडे एकदा बघा. धातूची पट्टी, गाडीच्या होल्डरसाठी चिकटवलेलं लोखंडी पान, बोटात अडकवायची कडी, यांतलं काहीही मध्ये आलं तर सिग्नल मरतो. त्याहून वाईट म्हणजे कव्हरच्या खिशात ठेवलेलं दुसरं कार्ड. मेट्रो-बसचं एनसीएमसी कार्ड, कंपनीचं ओळखपत्र, एखादं डेबिट कार्ड. दोन चिपा एकदम समोर आल्या की मशीन 'एकच कार्ड दाखवा' असं म्हणत थांबतं. कधी थांबतही नाही, कव्हरमधल्या डेबिट कार्डातून पैसे घेऊन मोकळं होतं. घरी आल्यावर एसएमएस भलत्याच बँकेचा दिसला तर चोरी झाली असं समजण्याआधी कव्हर उघडून पाहावं.

पुढची गोष्ट या सोयीतला सर्वांत मोठा दोष आहे, आणि तो अॅपवाल्यांनी सुधारायला हवा. फोन थरथरतो, स्क्रीनवर मोठी बरोबरची खूण येते, आणि गिऱ्हाईक पिशवी उचलून निघतं. त्या खुणेचा अर्थ इतकाच, की फोनने आपली माहिती मशीनला दिली. बँकेने हो म्हटलं का नाही हे त्यानंतर ठरतं, आणि ते फक्त मशीनला कळतं. मशीनचे चारही दिवे लागून 'बीप' वाजणं म्हणजेसुद्धा वाचन पूर्ण झालं, मंजुरी नव्हे. मशीनवर 'अॅप्रूव्ह्ड' दिसेपर्यंत किंवा कागद बाहेर येईपर्यंत जागचे हलू नका. फोनवर टिकमार्क आणि मशीनवर 'डिक्लाइन्ड', असा प्रसंग आला की दुकानदाराला गिऱ्हाईक खोटं बोलतंय असं वाटतं आणि गिऱ्हाइकाला दुकानदार. दोघंही खरं बोलत असतात.

पाच हजार, तीन वेगवेगळे

मर्यादेबद्दल विचारलं की प्रत्येक जण 'पाच हजार' म्हणतो आणि प्रत्येकाचे पाच हजार वेगळे असतात.

कार्डाच्या टॅपचे पाच हजार म्हणजे मशीनवर पिन न देता जाणारी एका व्यवहाराची कमाल रक्कम. आधी ती 2,000 होती, 1 जानेवारी 2021 पासून 5,000 झाली. त्याहून मोठ्या रकमेलाही टॅप चालतो, फक्त मशीन पिन मागतं. तो कार्डाचा पिन, एटीएमवर टाकतो तो. फोन उघडायचा नाही आणि यूपीआयचा तर मुळीच नाही. यूपीआयचा पिन दुकानाच्या मशीनवर टाकायची वेळ कधीच येत नाही, तो फक्त आपल्या फोनवर. क्रेडिट कार्डवाल्यांची इथे पंचाईत होते, कारण अनेकांनी त्याचा पिन कधी बनवलेलाच नसतो. बँकेच्या अॅपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये तो दोन मिनिटांत बनतो; दिवाळीच्या खरेदीला जाण्याआधी बनवून ठेवावा, दुकानात उभं राहून नाही. चुकीचा पिन सलग काही वेळा टाकला तर कार्ड तात्पुरतं अडकतं.

दुसरे पाच हजार नवीन फोनचे. नव्या फोनवर यूपीआय नोंदवलं की पहिले 24 तास पाठवायच्या रकमेवर 5,000 ची मर्यादा असते. फोन घेतल्याच्या संध्याकाळीच वॉशिंग मशीन घ्यायला जाणाऱ्यांना हे दुकानातच कळतं. एरवी यूपीआयची सर्वसाधारण मर्यादा एक लाखाची.

तिसरे पाच हजार यूपीआय लाइटचे: त्या छोट्या पाकिटात एका वेळी जास्तीत जास्त इतके ठेवता येतात, आणि एका व्यवहारात 1,000 पर्यंत पिनशिवाय जातात. चहा-वडापावच्या स्कॅनिंगला उत्तम. कार्डाच्या टॅपशी त्याचं नातं नाही.

नेटवर्क

टॅपचा मोठा फायदा इथे आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. मॉलच्या तळघरातल्या सुपरमार्केटमध्ये, जाड भिंतींच्या आतल्या दुकानात मोबाइल डेटा मरतो आणि यूपीआय गोल गोल फिरत बसतं. कार्डाच्या टॅपला त्या क्षणी फोनला इंटरनेट लागत नाही. काही व्यवहारांपुरत्या सांकेतिक किल्ल्या फोनमध्ये आधीच साठवलेल्या असतात. त्या संपण्याआधी फोन अधूनमधून ऑनलाइन आला की झालं. नेटवर्क लागतं ते मशीनला. मशीन दुकानाच्या वायफायवर असेल तर प्रश्न नाही, सिमवर असेल तर तोच मुलगा मशीन उंच धरून दारापर्यंत जाताना दिसतो. तळघरात टॅप आधी, स्कॅन नंतर, असा क्रम ठेवावा.

'टॅप नको, स्कॅन करा'

दुकानदार असं म्हणतो तेव्हा ते दरवेळी अज्ञान नसतं, हिशोब असतो. यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी 2020 पासून दुकानदाराला काही शुल्क पडत नाही. इतर डेबिट कार्डांवर वर्षाची उलाढाल 20 लाखांपर्यंत असलेल्या छोट्या व्यापाऱ्याला मशीनच्या व्यवहारात 0.40 टक्क्यांपर्यंत आणि मोठ्याला 0.90 टक्क्यांपर्यंत पडू शकतं. क्रेडिट कार्डावर अशी कमाल मर्यादाच नाही, त्यामुळे सर्वांत जास्त तिथे जातं. शिवाय यूपीआयचे पैसे लगेच खात्यात दिसतात, कार्डाचे सेटलमेंट, म्हणजे बँकांमधला हिशोब, झाल्यावर. 350 रुपयांच्या पावाच्या-बिस्किटांच्या बिलासाठी त्याने खळखळ केली तर समजून घ्यावं. पण 'क्रेडिट कार्ड आहे, दोन टक्के जास्त' हे बिलावर वेगळं लावलेलं दिसलं तर विचारावं, आणि सगळ्यांत बरं म्हणजे रक्कम टाकण्याआधीच विचारावं.

टॅप घेणारे साउंडबॉक्सही, म्हणजे पैसे आल्याचं बोलून सांगणारे डबे, आता दिसू लागले आहेत. वरच्या बाजूला चार रेघांची खूण असेल तरच त्यावर फोन टेकवा. बहुसंख्य डब्बे अजून फक्त बोलणारे आहेत, त्यांच्यावरचा चौकोन स्कॅन करण्यासाठी आहे. आणि डबा बोलला नाही म्हणजे पैसे गेले नाहीत असंही नाही. त्याचं स्वतःचं सिम असतं, ते अडकलं की 'प्राप्त झाले' दहा मिनिटांनी ऐकू येतं. खोट्या स्क्रीनशॉटच्या भीतीने दुकानदार डब्याच्या आवाजाशिवाय सोडत नाहीत. त्याला स्क्रीनशॉट दाखवण्यापेक्षा व्यवहाराचा 12 आकडी यूटीआर क्रमांक वाचून दाखवा आणि त्याला त्याच्या अॅपमध्ये तो जुळवू द्या.

परत करायला गेल्यावर

कपडे बदलायला आठवड्याने जावं, तर काउंटरवर सांगतात, 'पावतीवरचे शेवटचे चार आकडे तुमच्या कार्डाशी जुळत नाहीत.' बरोबरच आहे. फोनने कार्डाचा क्रमांक पाठवलाच नव्हता, टोकनचा पाठवला होता, आणि चार्जस्लिपवर त्या टोकनचे शेवटचे चार आकडे छापले गेले. गूगल पेमध्ये त्या कार्डाच्या तपशिलात 'व्हर्च्युअल' क्रमांकाचे शेवटचे आकडे दिसतात, ते दाखवा. मधल्या काळात फोन बदलला किंवा कार्ड काढून पुन्हा घातलं असेल तर आकडे नवीन झाले असणार. तेव्हा चार्जस्लिपवरचा 12 आकडी आरआरएन (व्यवहाराचा संदर्भ क्रमांक) उपयोगी पडतो, परतावा त्यावरून निघतो. म्हणून स्लिप टाकू नका. ती उन्हात आणि पाकिटात पुसट होते, फोटो काढलेला बरा.

त्याच दिवशी परत करत असाल तर 'रिफंड' नाही, 'व्हॉइड' मागा. मशीनमधली दिवसभराच्या व्यवहारांची बॅच बंद होण्याआधी व्हॉइड झाला तर मूळ व्यवहारच रद्द होतो. रिफंड म्हणजे नवीन उलटा व्यवहार, त्याला काही कामकाजाचे दिवस लागतात.

ईएमआय किंवा 'अमुक बँकेच्या कार्डावर दहा टक्के सूट' असेल तर टॅपचा हट्ट सोडून प्रत्यक्ष कार्ड द्या. मशीन सवलत ओळखतं ती कार्डाच्या पहिल्या आकड्यांवरून, आणि टोकनचे आकडे वेगळे असल्याने सूट अनेकदा हुकते.

नकार आला, किंवा पैसे गेले आणि पावती नाही

मशीन नुसतं 'डिक्लाइन्ड' म्हणत असेल तर त्यासोबतचा दोन आकडी कोड विचारा. 51 म्हणजे शिल्लक किंवा क्रेडिट मर्यादा कमी. 55 चुकीचा पिन. 61 रकमेची मर्यादा ओलांडली, म्हणजे बँकेच्या अॅपमध्ये ती वाढवायची. 91 म्हणजे तुमची बँकच त्या क्षणी उत्तर देत नाही, थोड्या वेळाने पुन्हा. 05 हा सर्वांत निरुपयोगी. बँक 'नको' म्हणते आणि कारण सांगत नाही. त्यावर कॉन्टॅक्टलेसचं बटण तपासावं, नाहीतर प्रत्यक्ष कार्ड मशीनमध्ये घालून बघावं. यूपीआयमध्ये झेड-9 हा शिल्लक नसल्याचा आणि झेडएम हा चुकीच्या पिनचा.

पैसे गेल्याचा एसएमएस आला पण मशीनने स्लिप दिली नाही, तर लगेच दुसऱ्यांदा टॅप करू नका. मुलाला मशीनमधून शेवटच्या व्यवहाराची प्रत काढायला सांगा. व्यवहार यशस्वी झाला असेल तर प्रत निघते, आणि फक्त कागद अडकला होता हे कळतं. प्रत निघाली नाही तर दुसऱ्या मार्गाने पैसे द्या आणि आरआरएन किंवा एसएमएस जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमानुसार दुकानातल्या अशा अर्धवट व्यवहाराचे पैसे, कार्डाचे असोत की यूपीआयचे, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई बँकेने द्यायची, तीही न मागता. दुकानदाराशी भांडून यात काही हाती लागत नाही, त्याच्यापर्यंत ते पैसे पोहोचलेलेच नसतात. तक्रार आपल्या बँकेकडे करायची. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. डिजिटल पेमेंटबद्दल माहिती विचारायची असेल तर डिजिसाथी या मदतसेवेचा 14431 हा क्रमांक आहे.

फोनच हरवला, तर टॅपच्या बाबतीत धोका कमी आहे, कारण लॉक उघडल्याशिवाय कार्ड चालत नाही. तरी बँकेला फोन करून त्या उपकरणावरचं टोकन बंद करायला सांगा. टोकन बंद झालं म्हणून प्लास्टिकचं कार्ड बंद होत नाही, ते वापरता येतं, आणि बँकेच्या माणसाने सवयीने संपूर्ण कार्डच ब्लॉक करू नये म्हणून हे त्याला स्पष्ट सांगावं लागतं. यूपीआय वेगळं बंद करायचं, सिम वेगळं. तुम्ही न केलेला व्यवहार दिसला तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर आणि बँकेला त्याच दिवशी कळवा. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकरणात तीन कामकाजाच्या दिवसांच्या आत कळवलं तर ग्राहकावर शून्य जबाबदारी येते. चौथ्या ते सातव्या दिवसांत कळवलं तर काही रकमेपर्यंत तुमच्यावर. त्यानंतर बँकेच्या धोरणावर.